मोंढ्यापासून गोदामापर्यंत: छोट्या खेपा डिझेल इंजिनाला का झिजवतात?

लातूर, नांदेड किंवा जालन्याच्या बाजारात मालवाहतूक करणाऱ्यांशी थोडा वेळ बोलत बसले, की एक तक्रार हमखास कानावर येते. एकाच वर्षी घेतलेल्या, एकाच बनावटीच्या दोन गाड्या असतात. त्यांतली एक तूरडाळ भरून वाशीच्या बाजारापर्यंत जाते आणि दुसरी मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, पोती उचलून चार-पाच किलोमीटरवरच्या डाळ मिलमध्ये पोचवते. लांब पल्ल्याच्या गाडीच्या काट्यावर अडीच लाख किलोमीटर पडलेले असतात आणि तिचे इंजिन अजून उघडावे लागलेले नसते. गावातल्या गावात फिरणारी गाडी साठ हजारही चाललेली नसते, तरी ती धूर टाकते, ऑईल लवकर काळे करते, सकाळी चार-चारदा सेल्फ मारल्याशिवाय उचलत नाही आणि बीएस-६ (२०२० पासूनच्या प्रदूषण मानकांची) असेल तर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पुन्हा पुन्हा दाखवते. मालकाला वाटते, गाडीच खराब निघाली किंवा चालकाचा हात जड आहे. बहुतेक वेळा यांपैकी काहीच खरे नसते.

गाडी जितकी कमी पळेल तितकी कमी झिजेल, हा आपला सरळ हिशेब असतो. टायरच्या बाबतीत तो बराचसा बरोबरही आहे. डिझेल इंजिनाची झीज मात्र केवळ किलोमीटरवर ठरत नाही. ते इंजिन किती वेळा थंड असताना सुरू झाले आणि किती वेळा पुरते तापण्याआधीच बंद केले गेले, यावर तिचा मोठा भाग अवलंबून असतो. लांबच्या एका फेरीत इंजिन एकदा थंड असते आणि मग दहा-बारा तास तापलेले राहते. छोट्या खेपा मारणाऱ्या गाडीचे इंजिन दिवसातून आठ-दहा वेळा सुरू होते आणि पूर्ण तापलेले असे कधी असतच नाही.

इंजिन तापले म्हणजे नेमके काय तापले?

डॅशबोर्डवरचा उष्णतेचा काटा मध्यावर आला की इंजिन तापले असे आपण मानतो. तो काटा फक्त इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याचे, म्हणजे कूलंटचे तापमान सांगतो. हे पाणी साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर स्थिरावते आणि ते तुलनेने लवकर तापते. इंजिनातले ऑईल तापायला त्याच्या सुमारे दुप्पट वेळ घेते, कारण मध्यम आकाराच्या ट्रकमध्ये ते दहा-पंधरा लिटर असते आणि खाली चेंबरमध्ये साचलेले असते. तिसरी गोष्ट म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा धूर. तो किती तापेल हे गाडी किती वेळ चालली यापेक्षा इंजिनावर भार किती आहे यावर ठरते. भरलेली गाडी महामार्गावर ओढत असताना हा धूर ३५० ते ५०० अंशांपर्यंत जातो, तर जागेवर उभ्या असलेल्या गाडीत तो बहुधा १०० ते २०० अंशांच्या दरम्यानच घुटमळतो.

ज्वारीची भाकरी करणाऱ्या कोणालाही हा फरक सांगावा लागत नाही. चुलीवर तवा ठेवल्याबरोबर त्याला हात लावला तर चटका बसतो, पण त्या तव्यावर लगेच भाकरी टाकली तर ती चिकटते. चटका बसण्याइतका तवा तापणे आणि भाकरी सुटण्याइतका तवा तापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार किलोमीटरची खेप संपते तेव्हा इंजिन पहिल्या अवस्थेत असते.

त्यात डिझेल इंजिन मुळातच उष्णतेच्या बाबतीत काटकसरी आहे. चांगल्या भारावर ते इंधनातल्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामाला लावते, म्हणून त्याची उष्णता पेट्रोल इंजिनापेक्षा कमी वाया जाते. हा त्याचा गुणच आहे, पण तापण्यासाठी त्याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर ते अवलंबून असते. चार-पाचशे किलो वजनाचे लोखंड, दहा-पंधरा लिटर ऑईल आणि तितकेच पाणी तापवायचे असेल, तर पाच-सात मिनिटांचे हलके चालणे पुरत नाही.

थंड इंजिनात डिझेल कसे जळते

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. पिस्टन हवा मूळच्या साधारण सोळा ते अठरापट कमी जागेत दाबतो, त्या दाबाने हवा ५०० अंशांच्याही पुढे तापते आणि नोझलमधून फवारलेले डिझेल त्या तापलेल्या हवेत आपोआप पेट घेते. सायकलच्या पंपाने हवा भरताना नळी गरम लागते, त्याचेच हे प्रचंड रूप आहे. आता लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली सरकतो ती धातूची नळी) आणि पिस्टन थंड असतील, तर दाबलेल्या हवेतली बरीच उष्णता ते धातूच शोषून घेतात. मग डिझेलचे सगळे थेंब जळत नाहीत. सकाळी गाडी सुरू केल्यावर डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो, तो बऱ्याचदा या न जळलेल्या डिझेलचा असतो.

जे डिझेल धुराबरोबर बाहेर जात नाही, त्यातले काही लायनरच्या भिंतीवर बसते. तिथे ऑईलचा केसाहूनही पातळ थर पिस्टनच्या रिंगांना सरकत ठेवत असतो, आणि डिझेल हा थर धुऊन टाकते. त्याच वेळी थंड ऑईल घट्ट असते. हिवाळ्यात बरणीतली काकवी जशी चमच्यावरून हळूहळू उतरते, तसे ते वरच्या भागांपर्यंत पोचायला काही सेकंद जास्त घेते. टर्बोचे बेअरिंग तर ऑईलच्या वाटेवर बरेच शेवटी येते. ज्या क्षणी सर्वांत जास्त वंगण हवे, त्याच क्षणी ते सर्वांत कमी असते. दिवसातून एकदा असे झाले तर इंजिन ते सहज सोसते. दहा वेळा झाले तर झीजही तितकी साचते.

अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी नोझलच्या टोकावर, व्हॉल्व्हवर आणि रिंगांच्या खाचांत बसते. रिंगा खाचेत अडकल्या की त्या लायनरला नीट दाबून बसत नाहीत, मग दाब खाली गळतो आणि ऑईल वर चढते. भाराशिवाय फार काळ चाललेल्या इंजिनात लायनरवरच्या बारीक तिरप्या रेषा, ज्यांत ऑईल धरून ठेवलेले असते, त्या काजळी-ऑईलच्या थराने बुजून लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो. मिस्त्री अशा वेळी 'हाफ इंजिन करावे लागेल', म्हणजे इंजिन उघडून रिंगा-लायनरसारखे भाग बदलावे लागतील, असे सांगतात आणि मालकाला धक्का बसतो, कारण काट्यावर आकडा लहान असतो.

हा आजार केवळ गाड्यांचा नाही. लग्नाच्या कार्यालयात किंवा दवाखान्यात वीज गेल्यावर चालणारा मोठा डिझेल जनरेटर दोन-चार दिव्यांसाठी तासन्‌तास चालवला, तर त्याच्या सायलेन्सरमधून काळे चिकट थेंब गळू लागतात. म्हणूनच अशा जनरेटरवर क्षमतेच्या किमान ३० टक्के तरी भार ठेवावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. भाराविना चालणे म्हणजे विश्रांती, हा समज डिझेल इंजिनाला लागू पडत नाही.

एक लिटर डिझेल, एक लिटर पाणी

ऐकून खरे वाटत नाही, पण एक लिटर डिझेल जळाले की त्यातल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपात असते आणि बहुतेक सारे सायलेन्सरमधून निघून जाते. थोडा धूर मात्र रिंगांच्या फटीतून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतो आणि त्याबरोबर वाफही उतरते. इंजिन तापलेले असेल तर ही वाफ ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडते. इंजिन थंड असेल, तर भाताच्या पातेल्यावरच्या थंड झाकणाला आतून जसे थेंब धरतात, तशी ती चेंबरच्या भिंतींवर धरते आणि ऑईलमध्ये ओघळते.

एका खेपेत असे पाणी नगण्य असते. ऑईल पुढे अर्धा-पाऊण तास पुरते तापले असते, तर ते पुन्हा वाफ होऊन निघूनही गेले असते. पण तेवढा वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया एकदा कडकडीत वाळल्या की वर्षभर टिकतात. रोज तासभर ऊन दाखवून पुन्हा ओलसर कोपऱ्यात ठेवल्या तर आठ दिवसांत त्यांना बुरशी येते, मग उन्हाचे एकूण तास कितीही भरोत. छोट्या खेपांचे ऑईल या दुसऱ्या कुरडयांसारखे असते. ऑईल भरण्याचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला पिवळसर पांढरी साय दिसते, ती ऑईल आणि पाण्याच्या घुसळणीची. साय दिसली म्हणजे दरवेळी हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचे, पाणी आणि ऑईल वेगळे ठेवणारे पॅकिंग) गेले असे नसते. आधी गाडीच्या खेपा किती लांबीच्या आहेत ते पाहावे, आणि रेडिएटरमधले पाणीही कमी होत असेल तर मात्र ताबडतोब मिस्त्रीला दाखवावे.

पाण्याबरोबर आम्लही तयार होते. पूर्वी याचे मोठे कारण डिझेलमधला गंधक हे होते. बीएस-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० वर आली आणि बीएस-६ मध्ये १० वर. त्यामुळे गंधकाचे आम्ल आज खूप कमी झाले आहे, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. तरी ज्वलनातल्या नायट्रोजनच्या वायूंपासून आणि ऑईलच्या स्वतःच्या विघटनापासून बनणारी आम्ले उरतातच, आणि पाणी साचलेले असेल तर ती बेअरिंगच्या धातूला हळूहळू खातात.

बॅटरीचे गणितही याच जातीचे आहे, ते लवकर सांगून टाकतो. प्रत्येक वेळी सेल्फ मारताना बॅटरी मोठा करंट देते आणि तो भरून काढायला डायनामोला काही काळ सलग चालावे लागते. पाच मिनिटांत गाडी बंद झाली तर बॅटरी उधारीवर जगते आणि वेळेआधी बसते. सायलेन्सरमध्ये उरलेले पाणी वाळत नाही, म्हणून तो आतून गंजतो.

बीएस-६ आणि तो पिवळा दिवा

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली. बीएस-५ हा टप्पा गाळून आपण थेट बीएस-४ वरून तिथे गेलो. यामुळे डिझेल मालवाहू गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर आला, ज्याला चालक आता सरसकट डीपीएफ म्हणतात. छोट्या खेपांचा परिणाम आधीही होत होता. या फिल्टरमुळे तो दिव्याच्या रूपाने समोर दिसू लागला.

हा फिल्टर मधमाशांच्या पोळ्यासारखा असतो. त्यातल्या बारीक नळ्या आलटून पालटून एका टोकाला बंद केलेल्या असतात, म्हणून धुराला शेजारच्या नळीत जाण्यासाठी सच्छिद्र भिंतीतून पाझरावे लागते आणि काजळी अलीकडेच अडकते. चाळण कधीतरी झटकावी लागते, तसा हा फिल्टरही रिकामा करावा लागतो. तो झटकता येत नाही, जाळूनच मोकळा करावा लागतो. चुलीवरचा तवा फार तापला की त्याच्या पाठीवरच्या काजळीत लाल ठिणग्या पळताना आपण पाहिल्या आहेत. ती काजळी जळत असते. फिल्टरमध्येही तेच घडवून आणायचे असते. या काजळी जाळण्याच्या क्रियेला 'रीजनरेशन' म्हणतात.

ती दोन प्रकारे होते. भरलेली गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पळत असली, की फिल्टरपाशी पोचलेला धूर २५० ते ४०० अंशांवर असतो आणि फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टमधून (धुरात रासायनिक क्रिया घडवणाऱ्या भागातून) तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड काजळी हळूहळू जाळत राहतो. चालकाला याचा पत्ताही लागत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांना दिवा क्वचित दिसतो, त्याचे कारण हेच आहे.

छोट्या खेपांत हे तापमान मिळतच नाही, काजळी साचत जाते आणि फिल्टरच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजणारा सेन्सर तसे गाडीच्या संगणकाला कळवतो. मग संगणक दुसरा मार्ग धरतो. पिस्टनला ढकलण्याचे काम संपल्यानंतर तो सिलिंडरमध्ये थोडे जास्तीचे डिझेल फवारतो. ते डिझेल कॅटॅलिस्टवर जळते आणि फिल्टर ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापतो. हे काम साधारण पंधरा ते तीस मिनिटे चालते. आता कल्पना करा, ते सुरू झाल्यावर सहाव्या मिनिटाला गाडी डाळ मिलच्या दारात पोचली आणि चालकाने चावी फिरवली. काजळी अर्धवट जळाली. पुढच्या खेपेत संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो आणि पुन्हा अर्ध्यात थांबतो.

यातला कमी दिसणारा धोका असा, की ते जास्तीचे डिझेल सगळेच कॅटॅलिस्टपर्यंत जात नाही. काही लायनरवर बसते आणि रिंगांच्या फटीतून ऑईलमध्ये उतरते. डिझेल पेट्रोलसारखे चटकन उडून जात नाही, त्यामुळे ते ऑईलमध्येच राहते आणि ऑईल पातळ होते. म्हणून बीएस-६ गाडीत ऑईलची पट्टी तपासताना पातळी कमी झाली का एवढेच पाहू नये, ती वाढली तर नाही ना हेही पाहावे. 'माझी गाडी ऑईल पीत नाही, उलट पातळी वरच जाते' असे समाधानाने सांगणारे मालक मला भेटले आहेत, आणि त्यांना हे समजावताना वाईट वाटते, कारण पट्टीवर वाढलेले ते ऑईल नसून डिझेल असते. काही मोठ्या ट्रकांत हे जास्तीचे डिझेल सिलिंडरमध्ये न फवारता धुराच्या नळीत फवारतात. तिथे ऑईल पातळ होण्याचा प्रश्न उरत नाही, पण फिल्टर अर्धवट राहण्याचा प्रश्न तसाच राहतो.

दिव्याकडे दुर्लक्ष करत राहिले, तर एका मर्यादेनंतर संगणक गाडीची ताकद कमी करतो आणि आपण होऊन काजळी जाळणेही थांबवतो. त्यामागे कारण आहे. काजळी फार साचलेली असताना ती एकदम पेटली, तर उष्णता आवरत नाही आणि फिल्टर आतून तडकू शकतो. मग गाडी वर्कशॉपमध्ये नेऊन, यंत्र जोडून, देखरेखीखाली ती जाळावी लागते.

अनेक गाड्यांत उभ्या गाडीवर हे काम सुरू करण्याचे बटण असते आणि ते वापरायला हरकत नाही. पण गाडी कुठे उभी आहे ते आधी पाहावे. त्या वेळी सायलेन्सरचा परिसर भयंकर तापतो. खाली उसाचे पाचट, कडबा किंवा वाळलेले गवत असेल, तर आग लागायला वेळ लागत नाही. साखर कारखान्याच्या आवारात आणि कडब्याच्या गंजीजवळ हे बटण दाबू नये.

युरियाचे पांढरे खडे

ज्यांच्या गाडीत डीईएफची वेगळी टाकी आहे, ज्याला आपले चालक 'युरिया' म्हणतात, त्यांना आणखी एक अडचण येते. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया मिसळून केलेले हे द्रावण गरम धुरात फवारले जाते, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो नायट्रोजनचे विषारी वायू निष्प्रभ करतो. धूर २०० अंशांच्या खाली असेल तर द्रावणाचे नीट विघटन होत नाही आणि नळीत पांढरे खडे साचतात. खेपा छोट्या असल्या की नळी वरचेवर याच तापमानात राहते. डीईएफचे डबे उन्हातही ठेवू नयेत, कारण ३० अंशांच्या वर त्याचे आयुष्य झपाट्याने घटते आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये काय तापमान असते ते सर्वांना ठाऊक आहे. शेतीचा युरिया पाण्यात कालवून तर कधीही टाकू नये. तो कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो आणि त्यातली अशुद्धी कॅटॅलिस्ट कायमचा निकामी करू शकते.

पण आपल्याकडे थंडी आहेच कुठे?

हा आक्षेप मराठवाड्यात सर्वांत आधी येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. उन्हाळ्यात परभणीत पारा ४२-४३ अंशांवर असताना इंजिन सुरू होताना फारसे झगडत नाही, आणि हिवाळ्यात तिथेच पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हाच्या तुलनेत ते लवकर तापते. मात्र ऑईलला ९० अंशांपुढे जायचे आहे आणि फिल्टरला ५५० अंश हवे आहेत. बाहेर १० असो वा ४२, इंजिनाच्या दृष्टीने दोन्ही 'थंड'च आहेत. आपल्या उन्हामुळे त्रास थोडा कमी होतो, मिटत नाही.

उलट आपल्या उन्हाच्या भीतीतून एक चुकीची सवय आली आहे. इंजिनातले पाणी ठरावीक तापमानाला पोचेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून अनेक गॅरेजमध्ये ही झडप काढूनच टाकतात. मग पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये थंड होत फिरते, छोट्या खेपेत इंजिन कधीच तापत नाही आणि वर सांगितलेले सारे त्रास दुपटीने वाढतात. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर साफ करावा, पंखा आणि पाण्याचा पंप तपासावा, खराब थर्मोस्टॅट बदलावा. काढून टाकणे हा उपाय नाही. हा लेख वाचून कोणी एवढी एकच गोष्ट दुरुस्त केली, तरी मला आनंद होईल.

मग गाडी जागेवरच चालू ठेवून तापवली तर?

याने तापण्याचे काम होत नाही. जागेवर चालणारे डिझेल इंजिन भरपूर हवा घेते आणि अगदी थोडे डिझेल जाळते, त्यामुळे धूर थंडच राहतो. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटसमोर उसाने भरलेल्या ट्रकांची रांग पाच-पाच मीटर सरकत असते, तेव्हा त्या इंजिनांत काजळी साचण्याचेच काम सुरू असते. पाण्याचे टँकर याहून अवघड स्थितीत असतात. विहिरीवर टाकी भरेपर्यंत जागेवर चालू, मग सात-आठ किलोमीटरवरचे गाव, तिथे टाकी रिकामी होईपर्यंत पुन्हा जागेवर चालू, आणि परतीची खेप रिकामी. दुष्काळाच्या वर्षी हीच गाडी दिवसाला सर्वांत जास्त खेपा मारते आणि तिच्यावरच गाव अवलंबून असते, म्हणून तिची काळजी सर्वांत जास्त घ्यायला हवी.

उभ्या गाडीचे इंजिन आकारानुसार तासाला साधारण एक ते तीन लिटर डिझेल खाते, तेही फुकट जाते. थंड इंजिन जोरजोराने रेस करणे तर आणखी वाईट, कारण ऑईल पोचण्याआधीच वेग वाढतो. सुरू केल्यावर ऑईलचा दिवा विझेपर्यंत आणि एअर ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत थांबावे, मग लगेच निघावे आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवावे. इंजिन ओझे ओढतानाच नीट तापते.

जुन्या गाड्यांना हे होत नव्हते, आणि फिल्टर काढून टाकला तर?

जुन्या गाड्यांनाही होत होते. त्यांच्या रिंगा अडकत, नोझल बुजत, ऑईल घट्ट होई, आणि काळा धूर भरचौकात सोडून त्या पुढे जात. तो धूर मोंढ्यातल्या हमालांच्या आणि रस्त्याकडेच्या शाळकरी मुलांच्या छातीत जात होता, म्हणून गाडीचा त्रास आपल्याला दिसत नव्हता.

फिल्टर कापून टाकणारे आणि संगणकात फेरफार करून दिवा विझवणारे कारागीर आता शहरोशहरी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, आणि गाडीची वॉरंटीही जाते. शिवाय फिल्टर काढल्याने लायनर तापत नाही, ऑईलमधले पाणी उडत नाही. दिवा विझतो, झीज चालूच राहते.

खेपा टाळता येत नाहीत, मग काय करावे?

धंदा डाळ मिल आणि मोंढ्यामधलाच असेल, तर खेपा बंद करा असे सांगण्यात अर्थ नाही. त्या एकापाठोपाठ लावता येतात का, हे मात्र पाहता येते. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक अशा तीन खेपांत इंजिन तीनदा थंड होते. त्याच तीन खेपा सलग मारल्या तर ते एकदाच तापते आणि तापलेले राहते. आडत्याशी आणि मिलवाल्याशी वेळ ठरवून हे बऱ्याचदा जमते, आणि माझ्या मते हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आठवड्यातून एकदा तरी भरलेली गाडी मोठ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. लातूरच्या गाडीला औसा वीसेक किलोमीटरवर आहे, जाऊन येऊन पुरेसे होते. जालन्याच्या गाडीने संभाजीनगरची एक फेरी मारली तर एका बाजूनेच साठेक किलोमीटर सलग मिळतात. फक्त यासाठी मुद्दाम डिझेल जाळण्याऐवजी बाहेरगावचे एखादे भाडे त्या दिवशी याच गाडीला द्यावे आणि लांबच्या गाडीला गावातले काम द्यावे. काजळी जाळण्याचा दिवा पेटलेला असेल तर गाडी बंद न करता आणखी दहा-पंधरा मिनिटे चालवून ते काम पुरे होऊ द्यावे. चालकाला एवढे समजावून सांगितलेले असावे, कारण मालकाला डिझेल वाचवून दाखवण्यासाठी पोचताच चावी फिरवणारा चालक मनाने प्रामाणिकच असतो.

ऑईल किलोमीटरवर नव्हे, तासांवर आणि महिन्यांवर बदलावे. गाडीच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळे, लवकरचे वेळापत्रक दिलेले असते; छोट्या खेपा, सतत थांबणे आणि जागेवर चालणे हे त्या खडतर वापरातच येते, जरी रस्ता गुळगुळीत असला तरी. जागेवर चाललेला एक तास म्हणजे साधारण ४० ते ५० किलोमीटर, असा ढोबळ हिशेब वापरला जातो. बीएस-६ गाडीत पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचे ऑईलच घालावे. काजळी जाळता येते, पण साध्या ऑईलमधल्या रसायनांची राख जळत नाही आणि फिल्टर काढून साफ करेपर्यंत तिथेच बसून राहते.

नवी गाडी घेणाऱ्याने आधी आपल्या खेपेची लांबी लिहून काढावी. दिवसभरात पन्नास-साठ किलोमीटर आणि तेही चार-चार किलोमीटरच्या तुकड्यांत असतील, तर विजेवर चालणाऱ्या लहान मालवाहू गाडीचा विचार करावा. तिच्या मोटारीला तापायचे नसते. बोजा कमी असेल तर सीएनजीची लहान गाडीही या कामात डिझेलपेक्षा कमी कुरकुरते. डिझेल इंजिन जड ओझे लांब ओढण्यासाठी बनवलेले आहे आणि त्या कामात ते आजही अतिशय भरवशाचे आहे.

जुनी गाडी घेताना तासांचा हिशेब

'गाडी फक्त गावातच फिरली आहे, साठ हजारच झाले आहेत' हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाजारात मोठ्या अभिमानाने सांगितले जाते आणि त्यावर भावही चढतो. घेणाऱ्याने किलोमीटरच्या शेजारी इंजिनाचे तास विचारावेत. बऱ्याच नव्या गाड्यांत ते डॅशबोर्डवरच दिसतात आणि नसतील तर वर्कशॉपमध्ये यंत्र जोडून वाचता येतात. किलोमीटरला तासांनी भागले की गाडी कशी जगली ते कळते. साठ हजार किलोमीटर आणि सहा हजार तास असतील, तर सरासरी ताशी दहा किलोमीटर निघते, म्हणजे ते इंजिन बहुतांश काळ उभे राहून किंवा रांगत चालले आहे. दोन लाख चाळीस हजार किलोमीटरच्या गाडीचेही तास सहा हजारच असतील, तर सरासरी ताशी चाळीस येते आणि ते इंजिन बहुतांश काळ तापलेल्या अवस्थेत पळालेले असते. दोन्ही इंजिने सारखेच तास फिरली आहेत. भाव ठरवण्याआधी झाकण उघडून आतली साय पाहावी, पट्टीवरची पातळी खुणेच्या वर तर नाही ना ते तपासावे, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी आपल्या समोर सुरू करायला सांगावी आणि पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो ते पाहावे.